एकवीस सह्या

"जीभ उचल."

तिनं उचलली.

"डावीकडे घे. आता उजवीकडे. गाल ओढ जरा."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी, सकाळच्या उजेडात, नवऱ्यानं तिची हनुवटी दोन बोटांत धरली होती आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलचा झोत तिच्या तोंडात सोडला होता. त्याच्या शर्टाला दुकानाचा वास होता, पुठ्ठ्याचा आणि जंतुनाशकाचा. त्याला काही घाई नव्हती. दाढांमागे, टाळूला, ओठांच्या आत, सगळीकडे त्यानं पाहून घेतलं.

"झालं?" तिनं तोंड मिटत विचारलं.

"अजून एक घोट पाणी पी."

तिनं घोट घेतला. घसा वरखाली झालेला त्यानं पाहिला, मोबाइल खिशात टाकला आणि फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदाकडे वळला. कागदावर एकवीस चौकोन होते. नवव्या चौकोनात त्यानं सही केली. दुकानातल्या कागदांवर करायचा तशीच, पूर्ण आडनावासकट, खाली दोन ठिपके देऊन.

"काय वेळ आणलीस माझ्या भावावर," टेबलाशी कॉफी घेत बसलेली मोठी नणंद म्हणाली. "तिकडे दुकानाबाहेर माणसं खोळंबलीत आणि हा इथं बायकोच्या तोंडात डोकावतोय."

"मग उद्यापासून तुम्ही करा सही, वन्सं. नाहीतरी दिवसभर तुमचं लक्ष माझ्या तोंडाकडेच असतं."

"बघितलंस?" नणंद भावाला म्हणाली.

"बघितलं," तो म्हणाला आणि चपला घालून जिना उतरला. दुकान खालीच होतं. शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला. पाठोपाठ त्याचा दुकानातला आवाज आला, घरातल्यापेक्षा गोड आणि एक पट्टी वरचा. "या, या. रात्रीची गोळी वेळेवर घेतलीत ना?"

सगळी गल्ली त्याला मागून 'वेळेवर' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. तेवीस वर्षं तो औषधांच्या दुकानात उभा होता. चुकीची गोळी कुणाला दिली असं एकदाही झालं नव्हतं. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर तो डॉक्टरांपेक्षा चांगलं वाचायचा. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बायकोचा रक्तदाब दीड वर्ष खाली यायचं नाव घेत नव्हता. हे त्याला दुखण्यासारखं नाही, अपमानासारखं वाटायचं.

आणि तो संशय घ्यायचा, त्यालाही कारण होतं. ते कारण तिनंच दिलं होतं.

ती न्यायालयात स्टेनो होती. न्यायाधीशांच्या खाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून असलेल्या छोट्या टेबलाशी सव्वीस वर्षं बसून तिनं लोकांचं बोलणं उतरवून घेतलं होतं. सात वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दाबाच्या गोळ्या लागल्या. त्यांत एक पाण्याची गोळी होती. ती घेतली की दर अर्ध्या तासाला लघवीला उठावं लागायचं आणि उलटतपासणी ऐन रंगात असताना स्टेनोला उठता येत नाही. दोनदा तिनं साहेबांची परवानगी मागितली. तिसऱ्यांदा साहेबांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. त्यानंतर ती रोजची ती गोळी गॅलरीतल्या कुंडीच्या मातीत बोटानं खोचू लागली. महिनाभरानं नवरा झाडाची माती बदलायला बसला, तेव्हा त्याच्या हाताला भिजून फुगलेल्या एकोणतीस गोळ्या लागल्या. त्यानं त्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवल्या आणि ती कामावरून यायची वाट पाहत बसला.

तिनं कबूल केलं. कारणही सांगितलं. पण त्या दिवसापासून घरात तिच्या शब्दाला काही किंमत उरली नाही. डोकं दुखलं तर गोळी टाकली असेल. पाय सुजले तर गोळी टाकली असेल. नणंद स्वतःचा नवरा वारल्यावर भावाकडे राहायला आली, तेव्हा घरातल्या इतर माहितीबरोबर तिला हीही माहिती मिळाली आणि तिनं ती मनापासून जपली.

मधली काही वर्षं बरी गेली. मग तीन औषधं एकाच गोळीत असलेली नवी पिवळी गोळी आली. "आता तर निमित्तही नको," नवरा म्हणाला होता. "एक उचलायची, एक गिळायची. हे शेंबड्या पोरालाही जमेल." सुरुवातीचे काही महिने दाब छान उतरला. नंतर तो चढला तो चढलाच. डॉक्टरांनी आणखी एक छोटी पांढरी गोळी जोडली. तरी उतरेना.

शेवटी एका दुपारी ती न्यायालयाच्या जिन्यात बसकण मारून बसली. डोळ्यांपुढे पायऱ्या दुहेरी दिसत होत्या. शिपायानं रिक्षा करून दिली. त्यातून ती नवऱ्याला न विचारता मोठ्या इस्पितळातल्या एका नव्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर वयानं तिच्या भाच्याएवढे असतील. पण दाब मोजायची त्यांची तऱ्हा तिनं कधी पाहिली नव्हती. त्यांनी आधी तिच्या दंडाला टेप लावून माप घेतलं आणि कपाटातून रुंद पट्टा काढला. "अरुंद पट्ट्यानं आकडा उगाच चढा येतो," ते म्हणाले. मग तिला पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला लावायला सांगितले, यंत्र सुरू केलं आणि स्वतः खोलीबाहेर निघून गेले. यंत्रानं एकटंच तीनदा मोजलं. दोन्ही हातांना. परत आल्यावर त्यांनी आकडे पाहिले, एक छोटी डबी तिच्या कमरेला अडकवली आणि तिचा पट्टा दंडाला बांधला.

"ही चोवीस तास राहू द्या. दवाखान्यात माणूस बिचकतो, घरी वेगळाच असतो. कामावरचा दाब, झोपेतला दाब, सगळं दिसेल."

दुसऱ्या दिवशी भर साक्षीत डबी गुरगुरली आणि दंडावरचा पट्टा फुगला. पिंजऱ्यातला साक्षीदार एकदम थबकला.

"हे खोटं पकडायचं यंत्र आहे का, साहेब?" त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं.

साहेब हसले. सगळं न्यायालय हसलं. तिनं मात्र सवयीनं तेवढंही वाक्य उतरवून घेतलं आणि मग खोडलं.

आकडे आले ते वाईट होते. कामावर वाईट, घरी वाईट, झोपेतही वाईट. तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. नवरा आला तो स्वतःच खुर्ची ओढून बसला, पाहुण्यासारखा नव्हे, तर बरोबरीच्या माणसासारखा.

"डॉक्टर, मी या धंद्यातलाच आहे. स्पष्ट सांगतो. ही गोळ्या घेत नाही."

"घेते," ती म्हणाली.

"कुंडीतल्या कुणी घेतल्या होत्या मग? झाडानं?"

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोनच शक्यता आहेत," ते म्हणाले. "औषध पोटात जात नाही, किंवा जाऊनही पुरत नाही. पुरत नसेल तर आपल्याकडे बरेच रस्ते आहेत. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते, तिचं एक संप्रेरक जास्त झालं की दाब हट्टाला पेटतो. ते रक्तात तपासता येतं. मूत्रपिंडाच्या नसांवर एक नवा उपचारही निघालाय. पण त्या वाटेला जाण्याआधी पहिली शक्यता निकालात काढायला हवी. पूर्वी आम्ही पेशंटला विचारायचो आणि चेहरा बघून अंदाज बांधायचो. आता अंदाज नको. लघवीच्या तपासणीत कुठलं औषध शरीरात गेलंय ते नावानिशी कळतं."

"करा," नवरा लगेच म्हणाला. "आजच करा."

"तीन आठवड्यांनी करू. तोवर रोज कुणीतरी समोर उभं राहून गोळ्या द्यायच्या. गिळल्याचं बघितलं तरच सही करायची. न बघता नाही."

"माझ्यावर सोडा."

मांडीवरच्या पर्सचा पट्टा तिनं बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

असे नऊ दिवस झाले होते. मग दहा, अकरा, बारा. रोज सकाळी साडेसातला पिवळी गोळी, पांढरी गोळी, पाण्याचा पेला, मोबाइलचा झोत. तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती त्याच्या कसोशीची. त्यानं एखाद्या दिवशी कंटाळून न बघता सही ठोकली असती, तर तिला तेवढाच एक पुरावा मिळाला असता. पण तो वेळेवर होता. रविवारीसुद्धा वेळेवर होता. ताप आलेला असतानाही एकदा अंगावर शाल घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जीभ उचल."

तेराव्या दिवशी पोस्टमास्तर कोसळले.

पोस्टमास्तर समोरच्या गल्लीत राहायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. रोज सकाळी फिरून येताना ते दुकानाच्या पायरीवर टेकायचे आणि नवऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. शिस्तीचा माणूस. त्यांची एक बाजू गेली. तोंड वाकडं झालं. वाचा गेली.

दुपारी जेवायला आल्यावर नवऱ्यानं ही बातमी सांगितली. भाजी वाढून घेता घेता सांगितली.

"मी इस्पितळात जाऊन आलो. वहिनींना म्हटलं, तरी मी सांगत होतो. मास्तरांचा दाब वर्षभरापासून वर होता. पथ्य नाही, नियम नाही. गोळ्यांची तर बोंबच असणार."

"कशावरून?" तिनं विचारलं. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून ती घरी होती.

"दीड वर्ष माझ्याकडून नेतात. तुझीच गोळी, पिवळी. नियमानं घेतली असती तर माणूस असा आडवा झाला नसता. न्यायची आणि डब्यात ठेवायची, याला औषध घेणं नाही म्हणत."

"तुम्ही त्यांच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलंत?"

"त्यांच्या नाही मारली," तो घास मोडत म्हणाला. "म्हणून ते तिकडे आहेत. तुझ्या मारतोय, म्हणून तू इथं बसून मला उलट बोलतेयस."

नणंद हसली. तिनं नणंदेच्या पुढ्यातली मिठाची डबी उचलली, फडताळात वर ठेवली आणि धाडकन दार लावलं.

"आपण सगळ्यांनीच पथ्यानं, नियमानं राहू या मग," ती म्हणाली.

सतराव्या दिवशी तिच्या मनात आलं की गोळी गिळूच नये. सव्वीस वर्षं ती लबाड माणसांच्या शेजारी बसली होती. एक गोळी कुठं दडवायची हे तिला नक्की जमलं असतं. तपासणीत ती सापडली नसती आणि त्याची सही खोटी ठरली असती. त्याची ती दोन ठिपक्यांची सही. पेला ओठाशी धरून ती क्षणभर थांबली. मग तिला दोन दिवसांपूर्वी इस्पितळात काचेपलीकडून पाहिलेलं मास्तरांचं वाकडं तोंड आठवलं आणि तिनं गोळी गिळली.

"काय विचार चालला होता?" त्यानं विचारलं.

"तुमचाच."

"जीभ उचल."

एकविसाव्या दिवशी शेवटची सही झाली. इस्पितळातल्या परिचारिकेच्या देखत तिनं बाटली भरून दिली. नवरा बाहेर बाकावर बसून होता, कागदाची घडी खिशात घालून.

पाच दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं.

खोली लहान होती. भिंतीवर हृदयाचं चित्र, कोपऱ्यात वजनकाटा. डॉक्टरांच्या समोर अहवालाचं एक पान होतं. त्याच्या शेजारी त्यांनी एकवीस सह्यांचा कागद उलगडून ठेवला.

"तुम्हाला चार औषधं चालू आहेत," ते तिला म्हणाले. "तीन पिवळ्या गोळीत आणि चौथं पांढऱ्या गोळीत. चारांपैकी एकच सापडलं. पांढरीतलं."

"आणि पिवळीतली तिन्ही?" नवऱ्यानं विचारलं.

"नाहीत. अंशही नाही."

नवरा खुर्चीत मागे रेलला. दीड वर्षाचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. ते तिनं अगदी जवळून पाहिलं. "मी काय सांगत होतो, डॉक्टर? कुंडीपासून सांगतोय. माणसाचा स्वभाव..."

तो तिथंच अडखळला. डॉक्टरांनी बोट कागदावर ठेवलं होतं.

"या सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"मग मी काय लिहू? पेशंटनं पिवळी गोळी घेतली नाही, असं लिहू?"

नवऱ्यानं कागद ओढून घेतला. पहिल्या चौकोनापासून तो सह्या पाहू लागला, जणू त्यांतली एखादी दुसऱ्या कुणाची निघेल.

"लॅबची चूक असेल."

"दोनदा करून घेतली मी."

"गोळी पचली असेल. उतरून गेली असेल."

"तिन्ही औषधं? एकवीस दिवसांची? तसं होत नाही. तुम्ही या धंद्यातले आहात."

ती त्याच्याकडे पाहत होती. डॉक्टरांनीही एकदा तिच्याकडे पाहिलं. आता ही बोलेल, अशा नजरेनं. ती बोलली नाही. 'घेतली' हा शब्द ती सात वर्षं बोलत आली होती. स्वयंपाकघरात, जिन्यात, पाहुण्यांसमोर, नणंदेसमोर. तो शब्द आता तिच्याजवळ शिल्लकच नव्हता. आज तो ज्याच्याजवळ होता त्यानंच खर्च करावा. आणि नसेल करायचा तर नको करू दे. तिनं हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या वजनकाट्याकडे बघत बसून राहिली.

"एखाद्या दिवशी..." नवऱ्यानं सुरुवात केली.

तोंड उघडण्याआधी माणूस श्वास कसा घेतो यावरून तो काय बोलणार आहे हे तिला सव्वीस वर्षांच्या सवयीनं कळायचं. खरं सांगणारा पटकन घेतो. दुसरा जरा खाली खोलवर घेतो, विहिरीत बादली सोडावी तसा. नवऱ्यानं तसाच श्वास घेतला होता. एखाद्या दिवशी माझं लक्ष नसेल. एखाद्या दिवशी दुकानातून हाक आली असेल. एवढं पुरलं असतं. अहवालावर दोन ओळी पडल्या असत्या, ती जन्माची खोटारडी ठरली असती, आणि खाली दुकान उद्याही वेळेवर उघडलं असतं.

तो थांबला. त्याचं बोट दुसऱ्या ओळीतल्या एका सहीवर होतं. ही सही बाकीच्यांपेक्षा वेडीवाकडी होती. तापातली.

"नाही," तो म्हणाला. आवाज दुकानातलाही नव्हता आणि घरातलाही. "एकवीसही दिवस मी बघितलंय. जिभेखाली बघितलं, गालात बघितलं. गिळली तिनं. रोज गिळली."

डॉक्टरांनी मान हलवली. "गोळ्या कुठून घेतल्यात?"

त्यानं कागद परत टेबलावर ठेवला.

"माझ्या दुकानातून."

पुढचं डॉक्टर बोलत होते आणि तो ऐकत होता. उरलेल्या गोळ्या तपासायला पाठवू. औषध निरीक्षकांना कळवावं लागेल. आज इस्पितळातून दुसऱ्या गोळ्या न्या. त्यांनी दाब उतरला नाही तर ग्रंथीची तपासणी. मध्येच त्यानं एकदाच विचारलं, "खोका हुबेहूब होता, डॉक्टर. छाप, अक्षर, तारीख, सगळं. नेहमीच्याकडे माल तुटला म्हणून दीड वर्षापूर्वी नव्या माणसाकडे गेलो, तेव्हापासून त्याच्याकडूनच घेतोय. कसं कळणार होतं मला?" डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डोळ्यांना नसतंच कळलं." हे दिलासा देण्यासाठी म्हटलं असेल. त्याला तसं वाटल्याचं दिसलं नाही.

परतताना तो चार पावलं पुढे चालत होता. चौकात तिची वाट बघत थांबला.

"तू बोलायचं होतंस."

"कितीदा?"

"आत. डॉक्टरांसमोर. तू गप्प बसलीस. मला एकट्याला सोडलंस."

"सात वर्षं मी एकटीच होते त्या खुर्चीत. तुम्हाला पाच मिनिटं जड झाली?"

तो पुढे चालू लागला.

दुकानात शिरल्यावर त्यानं आतून शटर निम्मं ओढलं. भर दुपारी असं कधी झालं नव्हतं. शिडी लावून वरच्या फळीवरचे पिवळ्या गोळ्यांचे खोके त्यानं खाली घेतले. एक पाकीट फोडून गोळी तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं दाबली. ती भुकटी झाली. त्यानं भुकटी जिभेला लावून पाहिली. नणंद जिन्यातून डोकावून म्हणाली, "काय रे, काय निघालं शेवटी? टाकतच होती ना?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू वर जा, ताई." नणंद उभीच राहिली, तसा तो ओरडला, "वर जा म्हटलं ना!" ती गेली.

मग त्यानं फोन उचलला. ही गोळी त्याच्याकडून नेणारी चौदा माणसं होती. सगळी त्याला तोंडपाठ होती. एकेकाला तो एवढंच सांगत होता. "ती पिवळी घेऊ नका. आजच डॉक्टरांकडे जा. नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. माझ्याकडच्या मालात खोट आहे." तीन-चार फोनांनंतर पलीकडून कुणीतरी शिव्या देऊ लागलं. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून ऐकत होती. त्या शिव्या तिला गोड लागल्या. तिनं ते स्वतःपासून लपवलं नाही. दुकान बुडालं तर बुडो, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिचा पगार होता.

तेरा फोन झाले. चौदाव्याला तो फोन हातात धरून बसला.

"मास्तरांकडे जावं लागेल. घरी आणलंय त्यांना कालच."

"जा."

"तू चल."

"मी कशाला?"

"वहिनी मला दारातून घालवतील."

"घालवू देत. माझ्या आडोशानं आत शिरायचं असेल तर मी येणार नाही."

तो उठला. "आडोशाला नको," तो म्हणाला. "नुसती ये."

ती गेली. का गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. सोबत म्हणून नक्कीच नाही. तो हे सगळं कसं बोलतो, एखादा शब्द गाळतो का, तेवढं तिला ऐकायचं होतं.

मास्तरांच्या घरी खिडकीशी पलंग लावला होता. मास्तर उशांना टेकून बसले होते. छातीवर टॉवेल होता आणि त्यांची बायको चमच्यानं त्यांना पेज भरवत होती. अर्धी ओठांतून परत येत होती.

"गिळा आता. गिळा. तेव्हा गिळली असतीत तर ही वेळ आली असती का?" ती पाठमोरी बोलत होती. मग दारात दोघांना पाहून म्हणाली, "या. सांगा तुम्हीच यांना. तुम्ही परोपरीनं बजावलं होतंत. मी रोज विचारायची, घेतली का? मान हलवायचे. तुम्ही इस्पितळात म्हणालात तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे मला फसवत होते."

नवरा खोलीच्या मधोमध उभा राहिला. बसायला त्यानं नकार दिला.

"वहिनी, मास्तरांनी फसवलं नाही तुम्हाला."

"असू दे हो. आता बोलून काय..."

"ऐकून घ्या. मी दिलेली गोळी पोकळ होती. तिच्यात औषधच नव्हतं. मास्तर रोज घेत असतील तरी काही होणार नव्हतं. मी इस्पितळात तुम्हाला बोललो ते चूक होतं. माहिती नसताना बोललो." त्यानं मास्तरांकडे पाहिलं. "गोळी माझी होती. चूक माझी आहे. मास्तरांची नाही."

एकही शब्द त्यानं गाळला नव्हता. मास्तरांच्या बायकोच्या हातात चमचा तसाच अधांतरी राहिला. तिनं शिवी दिली नाही, दाराकडेही बोट केलं नाही. ती हळूच मास्तरांकडे वळली, टॉवेलच्या टोकानं त्यांची हनुवटी पुसू लागली आणि पुसतच राहिली. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिली. मग वाटी उचलून ती आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं धुण्याचा मात्र आला नाही.

मास्तरांनी चांगला हात उचलला. तो त्यांनी नवऱ्याच्या दिशेनं नव्हे, तिच्या दिशेनं केला. ती पलंगाशी गेली आणि वाकली. मास्तरांचे ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"रो..." त्यांनी दम घेतला. "रोज. घे... घेत..."

पुढचं येईना. डोळे मात्र तिच्या तोंडावर खिळले होते.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीही रोज घेतली, मास्तर."

मागे नवरा उभा होता. तो पुढे आला नाही आणि बाहेरही गेला नाही. तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. भिंतीलगतची खुर्ची पलंगाशी ओढून घेतली आणि मास्तरांचा हात हातात धरून, त्यांना आणखी काही सांगायचं असेल तर, ती वाट पाहत बसली.